ट्रॅक्टर का तापतो?

(कोतो इथे मंडळाच्या दिवाळीआधीच्या गप्पांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातले शब्द बरेचसे तसेच ठेवले आहेत.)



कार्यकारिणीचा फोन आला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी क्लाउडवर, नाहीतर हल्लीच्या फॅशनप्रमाणे एआयवर बोलावं. मी विचारलं, "ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर बोललो तर चालेल का?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "चालेल, पण कार्यक्रमाला लहान मुलंही असतात हं." त्याचा नेमका अर्थ मला अजून लागलेला नाही. असो.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर. २०१४ साली जपानला आलो, तेव्हापासून इथेच ओजिमाला राहतो. आपल्या या कोतो वॉर्डात शेत औषधालाही सापडणार नाही. खाली बघावं तर कालवे, पूल, सायकली आणि रांगेने उभ्या इमारती. पण मला सांगा, इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरी, म्हणजे गावाकडच्या घरी, ट्रॅक्टर आहे? जरा हात वर करा. (अकरा हात वर.) आणि "ट्रॅक्टर तापतोय, काय करू?" असा फोन कुणाला आलाय? (सहा हात, आणि हशा.) बघा, म्हणजे विषय अगदीच अस्थानी नाही. आपण आयटीवाले, आणि घरच्यांच्या दृष्टीने आयटीवाल्याला विजेवर किंवा डिझेलवर चालणारं काहीही कळतं. आपल्याला ते कळत नाही. पण बिघाड शोधायचा कसा, हे आपल्याला थोडंफार येतं, आणि तेवढ्यावर हेड उघडण्याचा खर्च वाचू शकतो. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

आधी थोडं शास्त्र, कंटाळा न येईल इतपत. डिझेल जळून जी उष्णता तयार होते, तिच्यातला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकं फिरवतो, एक तृतीयांश सायलेन्सरवाटे निघून जातो, आणि उरलेला तिसरा हिस्सा कुठेतरी नेऊन टाकावा लागतो. पस्तीस हॉर्सपॉवर म्हणजे साधारण २६ किलोवॉट. तेवढीच उष्णता पाण्यात जाते असं धरा. आपल्या स्वयंपाकघरातली इलेक्ट्रिक किटली १२००-१३०० वॉटची असते. म्हणजे भरल्या ओझ्याने चढ चढणाऱ्या ट्रॅक्टरच्या पोटात वीस किटल्या एकदम सुरू आहेत, आणि त्या न उकळता ठेवायच्या आहेत. ते काम पाणी, पंप, पंखा आणि रेडिएटर मिळून करतात. पंप पाणी ढकलतो, ते सिलिंडरभोवती फिरतं, हेडमधून वर येतं, थर्मोस्टॅट उघडा असेल तर रेडिएटरच्या वरच्या टाकीत जातं, बारीक नळ्यांतून खाली उतरताना पंख्याच्या हवेने थंड होतं आणि खालच्या होजने पुन्हा पंपाकडे. बस, एवढंच.

सगळीच इंजिनं अशी नसतात. आपल्याकडचे जुने आयशर हवेवर थंड होणारे होते. १९७०च्या दशकात किर्लोस्करांनी नाशिकला जर्मनीच्या डॉइट्झ कंपनीचे ट्रॅक्टर बनवले, तेही हवेवरचेच. त्यांना रेडिएटरच नाही, त्यामुळे 'पाणी बघितलंस का' हा संवादही नाही. जपानची गंमत वेगळी. यानमारच्या यामाओका मागोकिची यांनी १९३३ मध्ये जगातलं पहिलं व्यवहारात चालणारं छोटं डिझेल इंजिन बनवलं. पुढे जपानच्या भातखाचरांत जी आडव्या सिलिंडरची छोटी इंजिनं वर्षानुवर्षं चालली, त्यांतल्या कित्येकांवर नुसतं पाण्याचं उघडं कुंड असायचं. पाणी उकळायचं, वाफ जायची, शेतकरी वरून पाणी ओतायचा. म्हणजे उकळणं हा तिथे बिघाड नव्हता, तीच पद्धत होती! कुबोताचा पहिला शेतीचा ट्रॅक्टर १९६० चा. आणि आपल्या तासगाव-नाशिकच्या द्राक्षबागांत ओळींमधून जाणारे छोटे 'मित्सुबिशी शक्ती' ट्रॅक्टर पाहिले असतील तर जपानशी आपलं हे नातं काही नवं नाही, हे लक्षात येईल.

आता मूळ गोष्ट. डिसेंबर २०२२. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात, आष्ट्याच्या बाजूला. ऊस. घरचा ट्रॅक्टर माझ्यापेक्षा थोडा मोठा, म्हणजे चाळिशीकडे झुकलेला. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण इतकी वर्षं राबल्यावर कुणाचाही ट्रॅक्टर कुरकुरणारच. भारतात संध्याकाळचे सात म्हणजे इथे रात्रीचे साडेदहा. तात्यांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा फोन.

"आरं, ट्रॅक्टर लई तापतोय. कारखान्याच्या चढाला दोन-दोन डबे पाणी पितोय. मिस्त्री म्हणतोय ग्यासकिट गेलंय, हेड उघडायला लागतंय."

"तात्या, लगेच उघडू नका."

"उघडू नको तर काय करू? तोड आलीया आपली."

ज्यांना ऊस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कारखान्याकडून तोडीची पाळी लागते, टोळी येते, ऊस तुटतो. तुटलेला ऊस जितका पडून राहील तितकं वजन घटतं आणि साखरेचा उताराही उतरतो. त्यात ट्रॅक्टर बंद म्हणजे भाड्याचा शोधा, आणि गळीत हंगामात भाड्याचा ट्रॅक्टर शोधणं म्हणजे ऐन लग्नसराईत बँडवाला शोधणं. मिस्त्रींचा अंदाज साठ-सत्तर हजारांचा होता, कारण हेड उघडलं की "आता उघडलंच आहे तर" म्हणून बाकीचंही निघतं. तात्या तर थेट भंगारवाल्याच्या भाषेवर आले होते. आणि या सगळ्यात एक माणूस हकनाक आरोपी झाला होता. आमचे ड्रायव्हरमामा. वीसेक वर्षं त्याच सीटवर बसलेले. "गडी पाणी बघत न्हाई, तवा तापतोय," असा घरात एकमुखी निकाल लागला होता. मामांनी ऐकून घेतलं होतं आणि गप्प बसले होते. वयाच्या पन्नाशीनंतर त्यांना दुसरं कुणी सीटवर बसवणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं.

मी हजारो किलोमीटरवर. ट्रॅक्टरला हात लावता येत नाही, वास घेता येत नाही, आवाज येतो तोही फोनमधून फाटका. आपल्या कामात रात्री दोनला सिस्टिम पडल्याचा फोन येतो तेव्हा आपण काय करतो? "सर्व्हर बदला" असं म्हणत नाही. विचारतो, कधीपासून, कुठल्या लोडला, शेवटचा बदल काय झाला? मी तेच केलं. चुलतभावाला एक वही करायला सांगितली आणि दोन अटी घातल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि जे दिसेल ते लिहायचं. फुकटची तपासणी आधी, पैशाची नंतर, हेड सगळ्यात शेवटी.

पहिला प्रश्न, केव्हा तापतो? नुसता उभा असताना तापत असेल तर आधी पंखा, बेल्ट, हवा यांच्याकडे बघावं. ओझ्यालाच तापत असेल तर रेडिएटरची ताकद कमी पडते आहे. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर पाच मिनिटांतच काटा वर जात असेल तर थर्मोस्टॅट अडकलाय, पाणीच नाही, किंवा खरंच गॅस्केट. आमचा ट्रॅक्टर उभा असताना बरा होता, भरल्या ट्रॉल्यांनी दहा मिनिटांत तापायचा.

दुसरा प्रश्न जरा आगाऊ वाटेल, पण विचारावाच. खरोखर तापतोय का? जुन्या ट्रॅक्टरचा काटा आणि जुन्या भिंतीवरचं घड्याळ, दोन्हींवर विश्वास ठेवण्याआधी ताडून बघावं. चुलतभावाने काट्याचा सेन्सर काढून चुलीवरच्या पातेल्यातल्या पाण्यात धरला, शेजारी थर्मामीटर. आमच्या गावाच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. काटा तिथे बरोबर लाल पट्टीच्या कडेला गेला. काटा खरं बोलत होता.

मग गॅस्केट. मिस्त्रींचा संशय मुळीच चुकीचा नव्हता, हे मी आवर्जून सांगतो. पाणी कमी होतंय आणि खाली थेंब दिसत नाही, म्हटल्यावर कुणीही तिकडेच बघेल. पण गॅस्केट गेल्याच्या काही खुणा असतात. थंड इंजिनात पाणी गळ्यापर्यंत भरायचं, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करायचं आणि तोंडाशी बघत राहायचं. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा. पण बुडबुडे सतत येत राहिले, आणि ॲक्सिलरेटर दिला की वाढले, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. ऑइलची पट्टी काढून बघायची. दुधाच्या कॉफीसारखं ऑइल दिसलं तर पाणी ऑइलमध्ये गेलंय. सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही पांढरी, गोडसर वासाची वाफ येते का, हेही बघायचं. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. बारीक गळती फक्त ओझ्यालाच उघडी पडते, त्यामुळे गॅस्केट शंभर टक्के निर्दोष ठरलं असं नाही. पण हेड उघडावं इतका पुरावाही नव्हता.

नंतर हवा. ही तपासणी मला फार आवडते, कारण तिला फक्त रात्र आणि बॅटरी लागते. रेडिएटरच्या मागे, पंख्याच्या बाजूने बॅटरी धरायची आणि पुढून बघायचं. जाळीतून उजेड सगळीकडून झिरपला पाहिजे. व्हिडिओ कॉलवर मला काय दिसलं? चार कोपऱ्यांत चार चांदण्या, मध्ये अमावस्या! उसाचं पाचट, धूळ आणि डिझेलचा तवंग मिळून जाळीवर नमदा बसला होता. तो पुढून फवारा मारून काढायचा नसतो, त्याने कचरा आणखी आत जातो आणि पातळ पत्रे वाकतात. पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या दाबाने हवा-पाणी मारायचं. दुपारी ते केलं, संध्याकाळी वहीत नोंद आली, आता दहाऐवजी वीस मिनिटांनी तापतो. तात्या खूश. मी नाही, कारण अर्धा बिघाड सापडला की उरलेला अर्धा झाकला जातो. (बेल्टही बघून घेतला. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर अर्धा-पाऊण इंच दबावा, एवढंच त्याचं शास्त्र. तो ठीक होता.)

आता पाणी नीट फिरतंय का, हे मोजायचं होतं. वरच्या होजचं आणि खालच्या होजचं तापमान घ्यायचं. दोन्हींत फरक फारच थोडा असेल आणि दोन्ही गरम असतील तर पाणी वाहतंय पण हवा ते थंड करत नाही. फरक खूप मोठा असेल तर पाणीच रेंगाळतंय. थोडं पाणी सावकाश जाईल तेव्हा ते खूप थंड होऊन बाहेर पडेल, पण तेवढ्याने इंजिनाचं भागणार नाही.

चुलतभाऊ म्हणाला, "दादा, बंदूक हाय की! कोरोनातली." २०२० मध्ये गावोगाव आलेली कपाळाला लावायची बंदूक घेऊन गेला होजपाशी. तिने नुसतं 'हाय' दाखवलं. ती बिचारी माणसांसाठी, ४२-४३ अंशांच्या वर तिची मजलच नाही. ट्रॅक्टरला ताप आहे एवढं तिने सांगितलं, ते आम्हालाही माहीत होतं! मी इथून टोयोसूच्या होम सेंटरमधून कारखान्यात वापरायची घ्यावी म्हणून निघालो होतो, तोवर पोराने ऑनलाइन मागवलीसुद्धा. तिसऱ्या दिवशी घरपोच. एक बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा. चकचकीत धातूवर ही बंदूक खोटं बोलते, म्हणून मोजायच्या जागी काळ्या टेपचा तुकडा चिकटवायचा.

आकडे आले. वरचा होज ९६, खालचा ५८. असा फरक दहा-पंधराच्या आत असावा. मग जाळीवर आडवी बंदूक फिरवली, तर मध्ये उभे पट्टे जवळजवळ गार. म्हणजे तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं. नळ्या तुंबल्या होत्या.

कशाने? क्षारांनी. आमच्या भागात कृष्णाकाठच्या कितीतरी जमिनी अतिपाण्याने क्षारपड झाल्या आहेत. बोअरचं पाणी चहात घातलं तर चहा ओळखू येत नाही. तेच पाणी रेडिएटरमध्ये जात होतं. पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मागे राहतात, आणि तो पांढरा थर तांब्यापेक्षा शेकडो पटीने कमी उष्णता वाहून नेतो. भांड्यात ठीक, रेडिएटरच्या नळीत तो थर म्हणजे धमनीतली चरबी. विषय निघालाच आहे तर सांगतो, जमिनीखालच्या पाण्याने आपल्या कोतोलाही सोडलेलं नाही. गेल्या शतकात इथल्या कारखान्यांनी भूजल इतकं उपसलं की जमीन खचत गेली, मिनामिसुनाकडे तर साडेचार मीटरपर्यंत. म्हणून आपण समुद्रसपाटीखाली राहतो आणि ओगीबाशीला बोटींसाठी पाण्याची पातळी वरखाली करणारे दरवाजे बांधावे लागले.

पण रेडिएटर तुंबला, हे उत्तर झालं नाही. बोअरचं पाणी चाळीस वर्षं तिथेच आहे, मग आत्ताच का? तोयोताच्या ताइइची ओहनो यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात 'पाच वेळा का विचारा' हे सांगताना जे उदाहरण दिलंय, तेही योगायोगाने पंपाचंच आहे. मशीन बंद का पडलं? फ्यूज गेला. का? बेअरिंगला वंगण नाही. का? पंप तेल ओढत नाही. का? पंपाचा दांडा झिजला. का? गाळणी नव्हती, धातूचा कीस आत गेला. फ्यूज बदलून थांबलात तर फ्यूज पुन्हा जाणार. जपानी सहकारी आणखी एक गोष्ट सांगतात, गेन्बाला जा, म्हणजे जिथे काम चालतं तिथे. मी जाऊ शकत नव्हतो. पण तिथे वीस वर्षं बसलेला माणूस होता, आणि त्याला कुणीच काही विचारलं नव्हतं. आरोपीची साक्ष कोण काढतो?

रविवारी सकाळी मी मामांना कॉलवर बोलावलं. आधी ते येईनात. मग टोपी नीट करून कॅमेऱ्यासमोर अवघडून उभे राहिले.

"मामा, रोज किती पाणी घालताय?"

"आता कळशी लागतीया सकाळी. आधी तांब्याभर लागायचं."

"आधी म्हणजे कधी?"

"झाली की दोन वर्सं. म्या सांगितलं हुतं, पर पाणीच हाय म्हणले, घाल की."

"आणि गळतं कुठं?"

"खाली थेंब न्हाई. पर पंपाच्या बुडाला पांढरं ओघळ हाय बघा. चुन्यावानी. रोज पुसतोय, रोज येतंय."

मंडळी, निदान झालं होतं. पाण्याच्या पंपाखाली एक बारीक भोक मुद्दामच ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याऐवजी त्या भोकातून बाहेर यावं आणि मालकाला कळावं, एवढंच त्याचं काम. (काही हुशार लोक ते एम-सीलने बुजवतात. मग पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि पंपच जातो.) आमचं गळणारं पाणी तापलेल्या ब्लॉकवरच उडून जात होतं, म्हणून खाली थारोळं नव्हतं, आणि म्हणूनच सगळ्यांना ते 'गायब' होतंय असं वाटत होतं. उरत होता तो मामांनी रोज पुसलेला पांढरा ओघळ. आता साखळी उलटी वाचा. सील झिजलं, म्हणून पाणी जाऊ लागलं, म्हणून रोज कळशीभर बोअरचं पाणी आत, म्हणून दोन वर्षांत नळ्या तुंबल्या, वरून पाचटाचा नमदा, म्हणून चढाला उकळी. मामा पाणी बघत नव्हते असं नाही. दोन वर्षं तेच एकटे बघत होते. हे मी तात्यांना स्पष्ट सांगितलं. तात्या काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी मामांचं जेवण वरच्या सोप्यात वाढलं गेलं, असं काकूंकडून कळलं.

आता मिस्त्री. "जपानवरनं पोरगा सांगतोय" म्हटल्यावर कुठल्याही कारागिराला राग येणारच. मी स्वतः त्यांच्याशी बोललो. म्हटलं, मिस्त्री, तुमचं गॅस्केटही असू शकतं, पण आधी पंप उघडून बघूया का? त्यांनीच पंप काढला, आणि मला न दिसलेली गोष्ट त्यांनीच दाखवली. आतल्या चक्राची पाती गंजून अर्धी झाली होती. म्हणजे पंपही अशक्त, नळ्याही तुंबलेल्या. पंपाचा संच नवा बसवला. रेडिएटर सांगलीला नेला, कारागिराने वरची टाकी डाग काढून उघडली, प्रत्येक नळीतून पातळ पट्टी फिरवली, पुन्हा डाग दिला. ब्लॉकच्या आतला थर सायट्रिक ॲसिडच्या, म्हणजे लिंबूसत्त्वाच्या पाण्याने धुतला आणि मग साध्या पाण्याने तीनदा. सगळं मिळून खर्च सात हजारांच्या आत. दोन दिवस ऊस शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने गेला, त्याचं भाडं वेगळं.

थर्मोस्टॅटवर मात्र तुंबळ वादावादी झाली. तो आमच्या ट्रॅक्टरमध्ये नव्हताच, पूर्वी कुणीतरी काढून फेकला होता. आपल्याकडे सर्रास समजूत आहे की ते थंड देशांचं खूळ, इथे काय उपयोग? थर्मोस्टॅट म्हणजे आत मेण भरलेली एक झडप. साधारण ८२ अंशांना मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. तोवर पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं, त्यामुळे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. तो काढला की हिवाळ्यात इंजिन सतत गार चालतं, डिझेल नीट जळत नाही, सिलिंडर जास्त झिजतो. आणि ज्या इंजिनांत पाण्याला आतल्या आत फिरायची आडवाट असते, त्यांत झडप नसल्यावर बरंच पाणी रेडिएटर टाळून त्याच आडवाटेने फिरतं. म्हणजे गार ठेवायला काढलेला थर्मोस्टॅट उलट तापवतो! मिस्त्रींना हे पटेना. मग चुलतभावाने नवा थर्मोस्टॅट पातेल्यात उकळून उघडताना दाखवला, तेव्हा म्हणाले, "बसवूया, पर तापला तर मला म्हनायचं न्हाई." बसवला. तापला नाही.

झाकणाबद्दलही सांगतो, कारण ते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. ते नुसतं बूच नाही. त्यातली स्प्रिंग आत दाब धरून ठेवते, आणि दर पौंडाला पाणी साधारण दीड अंश उशिरा उकळतं. सात पौंडांचं झाकण असेल तर दहा-अकरा अंशांची सवलत. रबर फाटलं की ती गेली. आणि याच कारणाने गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. दाब सुटताच सगळं पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. घरी हे निक्षून सांगा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेही. ओतलं तर हेडला तडा जातो, आणि मग मात्र मिस्त्रींचे सत्तर हजार खरे होतात. इंजिन हळू फिरतं ठेवा, ओझं उतरवा, थांबा.

पाण्याऐवजी आता आत निम्मं कूलंट आणि निम्मं शुद्ध केलेलं पाणी आहे. इथे ज्याला एलएलसी म्हणतात तेच. होक्काइदोत ते पाणी गोठू नये म्हणून लागतं, कारण पाणी गोठताना जवळजवळ नऊ टक्के फुगतं आणि लोखंडी ब्लॉकसुद्धा फोडतं. वाळव्यात ते लागतं गंज आणि क्षारांसाठी. तात्यांचा पहिला प्रश्न होता, "पाण्याला पैसं मोजायचं?"

भाषणानंतर एका काकूंनी विचारलं, की एवढ्या लांबून फोनवर सांगताना चुकीचं सांगितलं तर? म्हणून तर सगळ्या तपासण्या अशा निवडल्या की त्यांनी काही बिघडत नाही. बॅटरी धरल्याने, पातेल्यात सेन्सर उकळल्याने, पट्टी काढून ऑइल बघितल्याने नुकसान होत नाही. एकाने विचारलं, हे सगळं करूनही तापला तर? तर पंपाची वेळ चुकून डिझेल उशिरा जळतंय का, म्हणजे डिझेलपंपाची, ते बघा, ब्रेक अडकून चाक जड फिरतंय का बघा, आणि तेही नसेल तर मिस्त्रींना खुशाल हेड उघडू द्या.

वही अजून चालू आहे, आता मामांकडे. मामा स्वतः लिहीत नाहीत, त्यांची नात लिहिते. मार्च २०२३ मध्ये गळीत संपलं तोवर पाणी घालण्याच्या रकान्यात तीनच नोंदी होत्या, प्रत्येकी पाव लिटर. बाकी सगळीकडे तिने 'नाही' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. कूलंटचा उरलेला डबा तात्यांनी कुलपात ठेवलाय. ते मीच सांगितलं होतं. चवीला ते गोड असतं आणि विषारी, कुत्री-मांजरं आणि लहान मुलं त्याला तोंड लावतात, तेव्हा तुम्हीही घरी फोन कराल तेव्हा एवढं आठवणीने सांगा.